संयुक्त खात्याची दुहेरी मान्यता कायम ठेवणे व एका माफीची पडताळणी करून मिळणेबाबत

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
बाजार रस्ता शाखा
(काचेचे दार होते ती, सध्या प्लायवूड)

अर्जदार : चेपलेल्या मोटारी सरळ करणाऱ्या वर्कशॉपचा थोरला मालक,
संयुक्त खातेदार क्र. १

विषय : 'एकल चालक' नेमण्याचा आग्रह मागे घेऊन दोघा भावांच्या खात्यावरील दुहेरी मान्यता चालू ठेवणे, व अर्जदाराने धाकट्या भावाची मागितलेली माफी खरी असल्याबद्दल शाखेचा शिक्का मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, 'संयुक्त खातेदारांच्या वर्तनाबाबत'.
२) शाखेच्या भिंतीवरील सूचनाफलक 'फसवणुकीपासून सावध राहा', सूचना क्र. ३, ७ व १०.
३) गेल्या महिन्यात शाखेत घडलेला प्रकार.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार नम्रपणे निवेदन करतो की, अर्जदार व त्याचा धाकटा भाऊ (यापुढे 'धाकटा') हे अपघातात चेपलेल्या मोटारींचे पत्रे ठोकण्याचे काम वडिलांच्या हाताखाली शिकले व त्यांच्या पश्चात तोच धंदा करीत आहेत. या कामाची रीत अशी की, एकाने पत्र्याच्या आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून हातोडी मारायची. आत धरणारा नसेल तर इथला खड्डा भरतो आणि हातभर अंतरावर नवा फुगवटा येतो. अर्जदार धरतो, धाकटा मारतो. गिऱ्हाईक मंडळी अर्जदारास 'ऐरण' व धाकट्यास 'घण' म्हणतात, आणि दोघांपैकी कोणाचे डोके जास्त टणक यावर शेजारच्या टायरवाल्याकडे पैजा लागतात. धाकटा डावखुरा आहे. ही बाब पुढे उपयोगी पडणार असल्याने आत्ताच नोंदवून ठेवली आहे.

२. वडिलांनी डोळे मिटण्यापूर्वी वर्कशॉपचे खाते दोघांच्या नावे केले व दोघांच्या मान्यतेशिवाय त्यातून काहीही हलू नये अशी अट घातली. "एकाच्या हातात दिलं तर आठ दिवसांत फुंकाल. दोघांच्या हातात दिलं तर निदान आधी भांडाल," असे ते म्हणाले होते. तेव्हा दोन सह्या लागत. पुढे आपल्या शाखेने तीच सोय मोबाईलवर दिली. एकाने व्यवहार सुरू करायचा, दुसऱ्याच्या फोनवर 'मान्य' आणि 'नाकारा' अशी दोन बटणे येतात, आणि दहा मिनिटांत 'मान्य' दाबले नाही तर व्यवहार आपोआप रद्द होतो. वडिलांच्या म्हणण्याला बँकेने घड्याळ लावले, एवढेच.

३. आपल्या पत्रात "खातेदारांमधील वारंवार होणाऱ्या हाणामारीमुळे खात्याच्या सुरक्षिततेस धोका संभवतो" असे एक वाक्य आहे. त्यास अर्जदाराची सक्त हरकत आहे. गेल्या दोन वर्षांत भामट्यांनी या खात्यावर नऊ वेळा डल्ला मारण्याचा प्रयत्न केला. नऊही वेळा खाते वाचले, आणि नऊही वेळा ते हाणामारीमुळे वाचले. पुराव्यादाखल तीन प्रकार सविस्तर देत आहे. बाकीच्या सहांचे टाके सोबतच्या यादीत आहेत.

(अ) पहिला प्रकार अर्जदाराच्या मूर्खपणाचा आहे, म्हणून तो आधी. पोलिसी टोपीतील एक गृहस्थ व्हिडिओ कॉलवर आले. त्यांच्यामागे फायलींचे कपाट होते व ते वाऱ्याने हलत होते. कपाट वाऱ्याने हलत नाही हे अर्जदारास फार उशिरा सुचले. अर्जदाराच्या नावाच्या पार्सलात हत्यारे सापडली असून त्यास बसल्या जागी अटक करण्यात येत आहे, कोणाशी बोलल्यास घरच्यांनाही उचलले जाईल, असे त्यांनी सांगितले. अर्जदार दारे काढलेल्या एका मोटारीच्या मागच्या सीटवर, गुडघ्यांवर हात ठेवून, चार तास अटकेत बसला. पहिले दोन तास त्याने साहेबांना आईबहिणीवरून शिव्या दिल्या, तिसऱ्या तासात गयावया केली आणि चौथ्या तासात सुटकेसाठी सगळी रक्कम 'सुरक्षित सरकारी खात्यात' हलवण्यास होकार देऊन आपल्या वाट्याचे बटण दाबले. धाकट्याच्या फोनवर मान्यतेची विचारणा गेली. त्याने 'नाकारा' न दाबता हातोडी उचलली. तो मागून आला, पडद्यावरच्या साहेबांना त्याने क्षणभर पाहिले, आणि साहेब "आता तुम्हालाही अटक करावी लागेल" असे म्हणत असताना "ये ना, पत्ता सांगतो" असे म्हणून फोनवर घाव घातला. फोन त्या वेळी अर्जदाराच्या डाव्या हातात होता. करंगळी व तिच्या शेजारचे बोट सहा ठिकाणी मोडले. खात्यास ओरखडाही आला नाही.

(ब) दुसरा प्रकार धाकट्याचा. एका गोड आवाजाच्या बाईने त्यास फोन करून, त्याच्या कार्डावर साठलेले बक्षिसाचे गुण आज संपत असल्याचे कळवले व एक लिंक पाठवली. धाकटा जॅकवर चढवलेल्या मोटारीखाली आडवा होता. तिथूनच त्याने लिंक दाबली, बाईने विचारले ते सगळे सांगितले, वर "तुमचं जेवण झालं का" असेही विचारले. अर्जदाराच्या फोनवर विचारणा आली तेव्हा 'नाकारा' हे बटण त्यास अपुरे वाटले. अर्जदाराने धाकट्याचे दोन्ही पाय धरून त्यास झटक्याने बाहेर ओढले. मोटारीची खालची कड व धाकट्याचे कपाळ यांची गाठ पडली, अकरा टाके पडले, आणि रक्त इतके आले की गिऱ्हाईकाने आपली मोटार दुसऱ्या गॅरेजला नेली. बाई फोनवरून "हॅलो, सर, हॅलो" करीत होत्या. त्यांना अर्जदाराने काय सांगितले ते या अर्जात लिहिता येणार नाही.

(क) तिसरा प्रकार सर्वांत गंभीर, कारण त्यात दोघेही एकाच वेळी फसले होते. एका गिऱ्हाईकाने कामाची आगाऊ रक्कम चुकून दहापट पाठवल्याचा संदेश दाखवला व जादा रक्कम ताबडतोब परत मागितली. मुलीचे लग्न मोडेल म्हणून तो फोनवर रडला. दोघा भावांना दया आली. अशी दया दोघांना एकाच दिवशी येण्याचा हा पहिलाच प्रसंग. परंतु व्यवहार कोणी सुरू करायचा आणि 'मान्य' कोणी दाबायचे, म्हणजेच थोर मनाचा कोण ठरायचा, यावर शब्द वाढला. धाकट्याने अर्जदाराच्या जबड्यावर ठोसा मारला, अर्जदाराने त्याच्या बरगडीत गुडघा घातला. पुट्टीचा डबा सांडून दोघे त्यात लोळत असताना दहा मिनिटे उलटून गेली. उठल्यावर पासबुक भरून आणले तेव्हा कळले की गिऱ्हाईकाकडून दमडीही आली नव्हती. दोघांनी एकमेकांची तोंडे पुसली व कामाला लागले.

४. आता संदर्भ ३ मधील प्रकार. मोडक्या फोनच्या जागी नवीन फोन घेतल्यामुळे अर्जदाराचा क्रमांक खात्यास जोडून घेण्यासाठी दोघे भाऊ आपल्या शाखेत आले होते. मदत खिडकीवरील आपल्या भगिनीने अतिशय सौजन्याने "फोनवर सहा आकडे आलेत का, सांगा" असे विचारले. त्या ज्या खुर्चीत बसल्या होत्या, बरोबर तिच्या वर आपला सूचनाफलक आहे, आणि त्यावरील सूचना क्र. ३ अशी : 'ओटीपी कोणालाही सांगू नका, अगदी बँक कर्मचाऱ्यालाही नाही.' अर्जदाराने तोंड उघडून पहिले दोन आकडे सांगितले. धाकटा फलक वाचत उभा होता. पुढचे चार आकडे बाहेर पडू नयेत म्हणून त्याने अर्जदाराच्या उजव्या गालावर जो ठोसा मारला, त्याने अर्जदार टोकन देणाऱ्या यंत्रावर आणि यंत्र काचेच्या दारावर गेले. सुरक्षारक्षक काका मध्ये आले, त्यांचा पुढचा दात गेला. आपण स्वतः केबिनमधून बाहेर आलात आणि अर्जदाराने धाकट्यावर फेकलेला स्टेपलर आपल्या चष्म्यास लागला. दात, दार, चष्मा व यंत्र यांची भरपाई दोघा भावांनी देणे मान्य केले आहे. तथापि धाकट्याने त्या दिवशी आपल्याच फलकाची अंमलबजावणी केली, ही बाब पत्रात कुठेही आलेली नाही, याकडे नम्रपणे लक्ष वेधत आहे.

५. यानंतर आपले पत्र घरी आले. दोघांपैकी एकाने 'एकल चालक' व्हावे, तोपर्यंत खाते गोठवले जाईल, असा त्याचा मजकूर. हे पत्र घरात वाचले गेले ही या अर्जाची मूळ दुःखद घटना होय. अर्जदार म्हणाला, थोरला म्हणून खाते त्याच्याकडे यावे. धाकटा म्हणाला, "चार तास खोट्या पोलिसाला साहेब-साहेब करत बसला होतास, तुझ्याकडे गल्लीतला कुत्रा सुद्धा सांभाळायला देणार नाही." अर्जदार म्हणाला, बक्षिसाच्या बाईला जेवण विचारणाऱ्याने बोलू नये. येथपर्यंत सर्व नेहमीप्रमाणे होते. मग दोघे उठले. स्वयंपाकघराच्या दारात झटापट झाली. कपबशा फुटल्या, धाकट्याने अर्जदाराच्या खांद्याचा चावा घेतला, अर्जदाराने त्याचे डोके चौकटीवर दोनदा आपटले. आई दोघांना सोडवायला मागून आली. एक कोपर जोरात मागे गेले. आई उंबऱ्यावर आपटली आणि तिचा खुबा मोडला.

ती ओरडली नाही. "झालं का तुमचं," एवढेच म्हणाली.

६. दवाखान्यातून पोलिसांना कळवण्यात आले. ठाण्यात फौजदारांनी, कोपर कोणाचे, असे विचारले. अर्जदार थोरला असल्याने त्यास आधी विचारले गेले. अर्जदाराने बोट धाकट्याकडे केले. धाकटा काही बोलला नाही. त्याने फक्त अर्जदाराकडे पाहिले, आणि चावा, ठोसे व मोडलेली बोटे या सर्वांत मिळून अर्जदारास जेवढे लागले नव्हते तेवढे त्या पाहण्याने लागले. धाकटा एक रात्र कोठडीत राहिला. दुसऱ्या दिवशी दोघांकडून बाँड लिहून घेण्यात आला की, सहा महिने एकमेकांपासून शंभर पावलांच्या आत येणार नाहीत. धाकटा कपड्यांची पिशवी व आपली हातोडी घेऊन नदीपलीकडच्या एका गॅरेजमध्ये राहायला गेला. ठोकळा इथे राहिला. तेव्हापासून वर्कशॉपमध्ये एक मोटार अर्धी सरळ होऊन उभी आहे.

७. आईचे ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. डॉक्टरांचे म्हणणे की त्यापुढे ढकलल्यास ती पुन्हा उभी राहणार नाही. पैसे सदर खात्यात पुरेसे आहेत. दोघांच्या मान्यतेशिवाय ते निघत नाहीत, आणि आपण खाते गोठवले असल्याने तसेही निघत नाहीत. अर्जदाराने आईस विनवले की धाकटा दुपारी तुला भेटायला येतो तेव्हा त्यास अर्जदाराचा निरोप दे. आईने नकार दिला. ती म्हणाली, "तुमच्यात मध्ये पडले ते एकदा पुरे झालं. कोपर कुणाचं होतं ते ज्याचं त्याला माहीत. त्याचं त्यानं बोलावं. तोपर्यंत मला हलवायचं नाही." तिचा हट्ट आपण पाहिलेला नाही. दोघा भावांचे डोके कोणाकडून आले, हा वादाचा विषय नाही.

८. म्हणून अर्जदाराने धाकट्यास फोन करण्याचे ठरवले. अर्जदाराचा स्वभाव पाहता दुसऱ्याच शब्दाला तोंडातून शिवी जाईल, या भीतीने त्याने माफी वहीच्या कागदावर शुद्ध भाषेत लिहून काढली व फोनवर वाचून दाखवली : "भाऊ, माझे चुकले. मला क्षमा कर. कृपया आईच्या ऑपरेशनसाठी मान्यता दे." पलीकडे धाकटा हसला. तो म्हणाला, "परवा पण तू असाच रडलास. आवाज हुबेहूब काढतोस, मानलं. पण माझा दादा जन्मात कुणाला चुकलं म्हणाला नाही, आणि कृपया हा शब्द त्याच्या बापाला माहीत नव्हता."

ठाण्यात केलेल्या चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे. खोट्या अटकेच्या चार तासांत भामट्यांनी अर्जदाराचा आवाज साठवून ठेवला होता व तो यंत्रातून बोलता करून दोन दिवसांपूर्वी धाकट्यास फोन केला होता. त्या आवाजाने, अपघात झाल्याचे सांगून, माफी मागून, एक लिंक दाबण्याची विनंती केली होती. धाकट्याने सूचना क्र. ७ ('ओळखीचा आवाज आला तरी विश्वास ठेवू नका') आठवून फोन बंद केला. म्हणजे अर्जदाराची माफी धाकट्याकडे पोचली तेव्हा ती आधीच खोटी ठरलेली होती. महोदय, अर्जदाराने चोपन्न वर्षांत एकदाच माफी मागितली, आणि तीही भामट्यांनी त्याच्या आधी मागून घेतली.

अर्जदाराने आपण खरेच असल्याचे पटवण्यासाठी लगेच कागद फेकून दिला व धाकट्यास त्याच्या ठेवणीतल्या सर्व शिव्या क्रमाने दिल्या. धाकटा म्हणाला, "शिव्या पण शिकलास? दोन तास दिल्या होत्या त्यानं तुला, रेकॉर्ड असेल." मग तो म्हणाला, "खरा असशील तर बँकेचा शिक्का मारून आण माफीवर. मग बघू." आणि त्याने फोन तोडला. त्यानंतर अर्जदाराचा क्रमांक त्याच्या फोनवर लागत नाही. पाठवलेले पाकीट न उघडता परत आले. त्यावर धाकट्याने 'अनोळखी दुवे उघडू नका' असे लिहिले होते. शेवटी मध्यस्थ म्हणून टायरवाल्यास पाठवले. धाकट्याने त्यास ओळखपत्र मागितले, त्याने "अरे मी टायरवाला" असे ओळखपत्राविना सांगितले, आणि त्याच्या ओठाला दोन टाके पडले. टायरवाला आता पैजा घेत नाही.

९. सबब, धाकट्याने गमतीने म्हटले असले तरी, अर्जदारास त्याच्या म्हणण्याखेरीज दुसरा मार्ग उरलेला नाही. धाकटा जगात कोणाचेच ऐकत नाही, पण आपला फलक त्यास पाठ आहे, आणि त्यातील सूचना क्र. १० अशी आहे : 'शंका असल्यास प्रत्यक्ष शाखेत येऊन खात्री करून घ्या.' म्हणून आपण त्यास शाखेत बोलावून माफीची पडताळणी करून द्यावी. पडताळणीसाठी आपण ग्राहकास खासगी प्रश्न विचारता, शाळेचे नाव, पहिल्या पाळीव प्राण्याचे नाव. ती माहिती चोरता येते. अर्जदार येथे जी देत आहे ती चोरता येणार नाही, कारण ती आजवर कोणाला सांगितलेलीच नाही.

अर्जदार चौदा वर्षांचा व धाकटा अकरा वर्षांचा असताना वर्कशॉपमध्ये नव्याने आलेल्या एका पांढऱ्या मोटारीची पुढची काच फुटली. वडिलांनी, कोणी फोडली, असे विचारले. धाकटा पुढे होऊन "मी" म्हणाला. वडिलांनी कमरेचा पट्टा काढला. ते मारताना मोजत नसत. पट्ट्याचे पितळी बक्कल धाकट्याच्या डाव्या भुवईवर बसले, भुवई फाटून रक्त डोळ्यात गेले, आणि तरी वडील थांबले नाहीत, कारण ती काच त्या काळी गावात मिळत नव्हती. धाकट्याच्या भुवईवरचा पांढरा चरा आपण पाहिला असेल. बॉनेटवर पडल्याने तो झाला, असे सर्व जण समजतात. आईही तसेच समजते.

काच अर्जदाराने फोडली होती. दाराच्या बिजागरीपाशी गांधीलमाशी बसली होती, तिच्यावर त्याने बावीस नंबरचा पाना फेकला. माशी उडाली. दोन दिवसांपूर्वीच दुसऱ्या एका कारणावरून अर्जदारास मार बसला होता व त्याच्या पाठीचे वळ अजून ओले होते. धाकटा रोज त्यावर हळद लावत असे, म्हणून ते त्यास माहीत होते. मार संपल्यावर धाकट्याने पाणी मागितले, अर्जदाराने आणून दिले. त्या विषयावर दोघांचे आजपर्यंतचे बोलणे तेवढेच. ही हकीकत अर्जदार, धाकटा व दिवंगत वडील या तिघांखेरीज कोणास ठाऊक नाही, आणि वडिलांना ती चुकीची ठाऊक होती.

ठाण्यात फौजदारांनी विचारले तेव्हा धाकटा का बोलला नाही, हे अर्जदारास त्या क्षणीच कळले होते. कोपर अर्जदाराचे होते. ते त्यास लागलीच जाणवले होते, कारण आईचे हाड त्या कोपराला लागले होते. फौजदार साहेबांना तसा जबाब अर्जदाराने आज सकाळी लिहून दिला आहे. पुढे जी काही कारवाई होईल ती ऑपरेशननंतर भोगण्यास अर्जदार तयार आहे.

१०. तरी आपणास नम्र विनंती की,

एकल चालक नेमण्याचे पत्र मागे घ्यावे. या अर्जात दिलेल्या कारणांवरून आपल्या लक्षात आलेच असेल की, अर्जदार एकटा असता तर खाते पहिल्याच वर्षी रिकामे झाले असते, आणि धाकटा एकटा असता तर त्या बाईंच्या जेवणापर्यंत गेले असते. आत धरणारा काढून घेतलेल्या पत्र्याचे काय होते ते वर परिच्छेद १ मध्ये सांगितले आहे.

येत्या बुधवारी सकाळी अकरा वाजता धाकट्यास शाखेच्या शिक्क्यानिशी पत्र देऊन बोलवावे व त्याच्यासमोर परिच्छेद ९ आपण स्वतः, आपल्या आवाजात, मोठ्याने वाचून दाखवावा. अर्जदाराच्या आवाजावर त्याचा विश्वास उरलेला नाही. गांधीलमाशीपाशी थोडे थांबावे. त्यानंतर या अर्जावर माफी खरी असल्याचा शिक्का मारावा.

ऑपरेशनच्या रकमेपुरते खाते त्या वेळी मोकळे करावे. वाचन सुरू होताच अर्जदार आपल्या बाजूने व्यवहार सुरू करील. मान्यतेला दहा मिनिटे मिळतात. दोघांचा आजवरचा अनुभव पाहता शिव्या, मारहाण व नंतरचे पाणी पिणे एवढ्या वेळात आटोपते.

शंभर पावलांच्या अटीतून फौजदार साहेबांनी बुधवारपुरती अर्ध्या तासाची सवलत दिली आहे. तेही येणार आहेत. पोलिसी टोपी दिसली की धाकटा हातोडी उचलतो, म्हणून ते साध्या वेशात येतील.

आणखी एक. परिच्छेद ९ वाचून संपल्यावर धाकटा उठून अर्जदारास मारण्याची दाट शक्यता आहे. तसे झाल्यास कोणीही मध्ये पडू नये. सुरक्षारक्षक काकांनी प्लायवूडच्या दाराबाहेर थांबावे, आपण चष्मा काढून ठेवावा, स्टेपलर खणात ठेवावा. धाकट्याचा ठोसा अर्जदार लहानपणापासून ओळखतो; तो डाव्या हाताचा असतो, थोडा खालून येतो आणि शेवटी त्यात किंचित ढील असते. आवाजाची नक्कल निघाली, शिव्यांची निघाली, पण याची नक्कल काढणारे यंत्र अजून निघालेले नाही. तो ठोसा बसला, म्हणजे माफी योग्य माणसाकडे योग्य माणसाकडून पोचली, असे समजून तीच पोच धरावी. तो न मारता तसाच उठून गेला, तर मात्र अर्जदाराचा हा अर्ज निकाली काढावा आणि खाते आपणास योग्य वाटेल त्याच्या नावे करावे. मग अर्जदाराची हरकत राहणार नाही.

तसदीबद्दल, दाराबद्दल व चष्म्याबद्दल क्षमस्व. हा शब्द अर्जदाराने कोणाकडूनही चोरलेला नाही.

आपला नम्र व बुधवारपर्यंत शांत,

(सही)
थोरला,
संयुक्त खातेदार क्र. १

ठिकाण : वर्कशॉप, अर्धी मोटार
दिनांक : ९, सोमवार

सोबत :
१. नऊ प्रकारांतील जखमांची यादी, दवाखान्याच्या कागदांसह (टाके एकूण त्रेचाळीस, टायरवाल्याचे दोन धरून).
२. ऑपरेशनच्या खर्चाचा दवाखान्याचा कागद.
३. आज सकाळी ठाण्यात दिलेल्या जबाबाची प्रत.
४. बावीस नंबरचा पाना (पाहून परत करावा).
५. अर्जदाराचा उजवा गाल. बुधवारी प्रत्यक्ष सादर करण्यात येईल.